जवाबी पेटी

१

मुरुमच्या मुनवर मास्तरकडे सकाळच्या वेळी कुणी गेलं, तर त्याला बाहेरच्या ओट्यावर ताटकळत बसावं लागे. मास्तर आत आपला संसार मांडत असे. संसार म्हणजे बायको-मुलं नव्हे. त्याची विजेवरची गिटार आणि तिचा सारा गोतावळा.

आधी फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, मग गोणपाट अंथरायचं. त्यावर भिंतीला टेकून कर्ण्याचं खोकं आणि खोक्याशेजारी अ‍ॅम्प्लिफायर. त्याचे काचेचे व्हॉल्व्ह तापले की धूळ जळाल्याचा वास सुटे, आणि तो वास आल्याशिवाय मास्तरला सकाळ झाल्यासारखं वाटत नसे. गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून लोखंडी कांडी फिरवत वाजवायच्या जातीची होती. हैदराबादच्या जुन्या बाजारातून ती आली तेव्हा साधीच होती. मुनवरनं मोडक्या टेलिफोनांतली लोहचुंबकं काढली, त्यांना केसाएवढी बारीक तार गुंडाळली आणि तारांखाली बसवली. त्यात त्याचा अख्खा पावसाळा गेला, डोळ्यांना चष्मा लागला, पण गिटार विजेची झाली. मराठवाड्यात लग्नाचे बँड काही कमी नव्हते, पण असली गिटार दुसऱ्या कुणाकडे त्यानं पाहिली नव्हती, आणि हे सांगताना त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

पायाशी दोन पायडलं असत. मुनवरच्या आईची शिलाई मशीन मोडली तेव्हा तिचा लोखंडी पाय कापून त्यानं ती केली होती. डावं पायडल दाबलं की आवाज मोठा व्हायचा. उजवं होतं जवाबीचं.

जवाबी म्हणजे एक सागवानी पेटी. आत टेपरेकॉर्डरची हातभर तपकिरी फीत, टोकाला टोक चिकटवून गोल केलेली, सारखी फिरत असायची. वाजवलेला सूर फितीवर उतरे आणि क्षणभरानं फीत तो परत करी. एकदा, दोनदा, तीनदा. दर खेपेला थोडा दुबळा, थोडा दूरचा. आडात हाक मारल्यासारखा. उजवं पायडल वर उचललं की पेटी गप्प. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि मुरुमला वीज येऊन एकच. अशा गावात एका बँडवाल्यानं ही पेटी स्वतःच्या हातानं केली, याचं त्याला स्वतःलाच अधूनमधून आश्चर्य वाटे.

पेटी पुरी झाली तो दिवस त्याच्या पक्का ध्यानात होता. रमजान लागायला आठवडा होता. त्यानं मायक्रोफोन जोडला, फीत सुरू केली आणि मग अडला. बोलायचं काय? एक, दोन, तीन म्हणायची लाज वाटली. स्वयंपाकघरात बायको असणार, तिची खोडी काढावी अशी लहर आली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण बायकोचं नाव त्यानं तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. त्यांच्या घरात तशी रीतच नव्हती. 'ऐकलं का' आणि 'सुनती क्या' एवढ्यावर सगळा कारभार चालायचा. आज पेटीच्या आडोशानं त्याला धीर आला. त्यानं उजवं पायडल दाबलं आणि हळूच म्हणाला, "नूरुन्निसा."

"जी, आती," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मुनवरला इतकं हसू फुटलं की पेटी काय बोलली ते ऐकायचं राहूनच गेलं. बायको काही बाहेर आली नाही. कामात असेल, असं म्हणून त्यानं गिटार मांडीवर घेतली, एक सूर छेडला, आणि पेटीनं तो तीनदा परत दिला. मग त्याला जगाची शुद्ध राहिली नाही. दिवस कलला तेव्हा नूरुन्निसा कोपरापर्यंत पिठानं माखलेली, शेवयांचं ताट सांभाळत पुढच्या दारातून आत आली. "बोलली! पेटी बोलली!" म्हणत तो तिच्याभोवती नाचला. ती म्हणाली, "आधी ताट धरा, मग नाचा."

२

जळकोटच्या हिंमतरावांच्या मुलीचं लग्न होतं. हिंमतराव मोठे जमीनदार, मांडव चांगला ऐसपैस, आणि बँड मुरुमचाच हवा असा त्यांचा हट्ट. गावात वीज नव्हती, पण मुनवरनं बॅटऱ्यांची सोय करून ठेवलेली होती. गाडीतून सगळा बाडबिस्तरा उतरवला तेव्हा निम्मं गाव बघायला उभं राहिलं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि आहेर सुरू झाला. आहेर पुकारायचं काम बलभीमचं. बलभीम बँडात ढोल वाजवायचा, पण त्याची खरी कमाई गळ्याची. अमक्या गावच्या अमक्यांनी नवरीला लुगडं-चोळी केली, तमक्यांनी तांब्याचा हंडा दिला, हे तो असं पुकारी की देणाऱ्याची छाती फुगावी. लग्नात माणूस जेवण विसरेल, पण आपलं नाव पुकारलं गेलं नाही तर जन्मभर विसरणार नाही.

तीन-चार नावं झाल्यावर मुनवरला लहर आली. मायक्रोफोन त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला होता. त्यानं पायानं उजवं पायडल दाबलं.

"जळकोटच्या सारजाबाई यांच्याकडून नवरीला चोळीचा खण!" बलभीम गरजला. आणि कर्ण्यातून सारजाबाईचं नाव पुन्हा आलं, पुन्हा आलं, आणि तिसऱ्यांदा पार मारुतीच्या देवळाकडून आल्यासारखं आलं. मांडवात हशा आणि टाळ्या उसळल्या. ज्यांची नावं होऊन गेली होती ते पुन्हा पुढं आले. "आमचं बी घुमवा की वो मास्तर! आमी काय पाप केलंय?"

बलभीमला चेव चढला. नावामागून नावं गेली आणि घुमून परत आली. मग आली हिंमतरावांची चुलती, धुरपदाबाई. सत्तरीची, काठी टेकत आलेली, हातात हिरवं लुगडं.

"धुरपदाबाई यांच्याकडून नवरीला लुगडं!"

कर्णा गप्प राहिला.

पेटी बंद पडलेली नव्हती. फीत फिरत होती, कर्ण्यातून बारीक खरखर येत होती. लुगडं हा शब्ददेखील तीनदा नीट परत आला. फक्त त्याच्याआधी, जिथं नाव यायचं, तिथं नुसती खरखर.

"म्हातारे, पेटीनं तुजं नाव गिळलं की गं!" कुणीतरी ओरडलं.

"गिळू दे," धुरपदाबाई म्हणाली. "कडू लागंल तिला." आणि तिच्या बोळक्या तोंडानं ती इतकी खळखळून हसली की मांडव तिच्याबरोबर हसला. मुनवरही हसला. पुढचं नाव व्यवस्थित घुमलं.

३

पाचव्या दिवशी बलभीम ओट्यावर येऊन बसला. मुनवर आत व्हॉल्व्ह पुसत होता.

"मास्तर, जळकोटची म्हातारी गेली."

"कोणती?"

"धुरपदाबाई. लुगडंवाली. ओट्यावर बसून तांदूळ निवडत व्हती. सुनंनं सांगितलं, कुणी हाक मारल्यागत मान वर केली, 'आले गं' म्हनली, अन् सुपावरच आडवी झाली. हाक मारणारं तर कुणीच नव्हतं तितं."

"सत्तरीची होती बलभीम. पिकलं पान."

"व्हय, ते तर हायच," बलभीम म्हणाला आणि बिडी पेटवली. पण काडी विझवताना त्यानं एकदा पेटीकडं बघितलं.

मुनवर विचार करणारा माणूस होता. ताईत-गंड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. कुठल्याही यंत्राची खोड यंत्रातच सापडते, हे त्याचं ब्रीद. बलभीम गेल्यावर त्यानं पेटी उघडली आणि हसायलाच लागला. कारण समोरच होतं. फितीचा जोड! दोन टोकं जिथं चिकटवली होती तिथला डिंक सुटत आला होता, आणि तेवढ्या जागेवर आवाज धरत नव्हता. म्हातारीचं नाव नेमकं त्या जोडावर पडलं असणार. यात नवल ते काय?

मग एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली आणि हसू जरा ओसरलं. जोड फिरत आला की कर्ण्यातून टक् असा बारका आवाज यायचा. त्याच्या कानाला त्याची सवय होती. मांडवात म्हातारीच्या नावाच्या जागी खरखर होती, पण टक् झालं होतं का? लुगडं शब्दाच्या नंतर झालं होतं, असं त्याला वाटत होतं. पण वाटण्याला काय अर्थ आहे?

त्यानं जोड कापला, नवा केला, वर पातळ पट्टी चिकटवली. अर्धा दिवस गिटार वाजवून पाहिली. शेकड्यानं सूर गेले आणि एकही न चुकता परत आले. आता टक् सुद्धा येईना. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

नूरुन्निसा आठव्या महिन्यात होती. पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. त्यामुळं या खेपेला घरात सगळे जपून बोलत, आणि ती उठली-बसली तरी मुनवरचा जीव टांगणीला लागे. येत्या शुक्रवारी तिला लोहाऱ्याला, आईकडं पोचवायचं ठरलं होतं.

४

मंगळवारी मुरुमातच लग्न होतं, चन्नबसप्पांच्या घरचं. जळकोटची गोष्ट मुरुमला आधीच येऊन पोचली होती. म्हातारी गेल्याची नव्हे, नावं घुमल्याची. आहेराला पाहुणे नटून रांगेत उभे राहिले.

सगळ्यांत पुढं नवरदेवाचा मामा वीरप्पा. वय पस्तीस, मोंढ्यात आडतीचं दुकान, ज्वारीचं पोतं एका हातानं गाडीवर टाकणारा गडी. अंगावर तलम धोतर, खांद्यावर हंडा. "मास्तर, आमचं नाव असं वाजवा की उमरग्यापर्यंत ऐकू गेलं पायजे बगा!"

मुनवरनं पायडलावर पाय ठेवला. बलभीमनं त्याच्याकडं पाहिलं. मुनवरनं मान हलवली, की काही नाही, जोड नवा आहे, पुकार.

"मुरुमचे वीरप्पा यांच्याकडून तांब्याचा हंडा!"

"...तांब्याचा हंडा. ...तांब्याचा हंडा. ...तांब्याचा हंडा."

मांडवात थोडी खसखस पिकली. वीरप्पाचा चेहरा उतरला. "काय वो हे? हंडा घुमतोय अन् आमी?"

"पुन्हा पुकार," मुनवर म्हणाला. त्याच्या पाठीवरून घाम ओघळला. ऊन फार होतं, हे खरंच.

बलभीमनं मायक्रोफोन तोंडाजवळ घेतला. या वेळी नुसतं नाव, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. "वी-र-प्पा!"

नाव कर्ण्यातून बाहेर पडलं. त्याच वेळी मुनवरच्या उजव्या तळपायाखाली काहीतरी झालं. पायडल पूर्ण दाबलेलं होतं, त्याच्याखाली लोखंडी चौकटच होती, आणखी खाली जायला जागाच नव्हती. तरी ते किंचित खाली गेलं. घोट गिळताना गळा हलतो तेवढंच. आणि पुन्हा जागेवर आलं.

कर्ण्यात खरखर. नाव परत आलं नाही.

"रुसली वाटतं पेटी आमच्यावर," वीरप्पा म्हणाला आणि हंडा ठेवून हसत हसत पंगतीकडं गेला. मुनवरनं पाय उचलला. पुढची सगळी नावं बलभीमनं साध्या आवाजात पुकारली. लोक कुरकुरले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीरप्पा आपल्या दुकानात गादीवर बसून पान लावत होता. समोर दोन शेतकरी बसलेले. त्यानं एकाएकी मान वर केली, रस्त्याकडं बघून "ओ" म्हणाला, अर्धा उठला, आणि कोसळला. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या दोन शेतकऱ्यांनी शपथेवर सांगितलं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरप्पाला लिंगायतांच्या रीतीनं बसवून, फुलांनी सजवून, भजन म्हणत नेलं. बँड होता, पण गिटार नव्हती. मुनवर मागं मागं चालत राहिला. माती देऊन परतताना बलभीमनं त्याला बेनीतुरेच्या काठावर अडवलं. नदीत पाण्याची नुसती रेघ होती.

"मास्तर, खरं सांग. पेटी सांगती का घेती?"

"म्हंजे?"

"म्हंजे जाणाऱ्याचं नाव तिला आधी कळतंय, का नाव धरून ठेवती अन् सवडीनं हाक मारती? म्हातारी 'आले गं' म्हनली. वीरप्पा 'ओ' म्हनला. कुणाला म्हनले?"

"बलभीम, दोन माणसं. दोन माणसांवरून हिशेब होत नाही. उन्हाळ्यात माणसं जातात."

"मग तू आज गिटार का न्हाय आणलीस?"

मुनवरनं वाकून चपलेतली वाळू झटकली.

"आमची आई सांगायची," बलभीम म्हणाला, "तीन हाका पुऱ्या झाल्याबिगर ओ देऊ नये. माणूस तीनदा हाक मारतंय, दुसरं काय असंल तर एकदाच मारतंय. आमी हसायचो." त्यानं आवाज खाली आणला. "पेटीत तुज्या घरचं नाव तर न्हाय ना गेलं कुणाचं?"

"छे. घरी मी फक्त गिटार..." मुनवर म्हणाला आणि थांबला.

एकच नाव. एकदाच. पहिल्या दिवशी.

ते परत आलं होतं का? त्यानं डोळे मिटून तो दिवस पुन्हा पुन्हा आठवला. पायडल, मायक्रोफोन, नाव. मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज, मग त्याचं हसू. पेटी त्या हसण्याखाली बोलली असेल. बोललीच असेल. नसेल बोलली, असं म्हणायलाही आधार नव्हता आणि बोलली असं म्हणायलाही. पण ती स्वतः बोलली होती ना! जिवंत माणसानं जागच्या जागी ओ दिली होती. ती ओ म्हणजे काय कमी झाली? या विचारावर त्याचा जीव थोडा स्थिरावला, आणि तो धावतच घरी आला.

घरी आल्याबरोबर त्यानं कर्ण्याची आणि पेटीची वायर उपटली. फीत काढली, नूरुन्निसाच्या कात्रीनं तिचे बोटबोटभर तुकडे केले, कागदात बांधले, आणि पुडकं मागोमाग आलेल्या बलभीमच्या हातात दिलं. "नदीत टाक. नाही, नदीत पाणी नाही. जाळून टाक."

बलभीमनं ते पुडकं विंचू धरल्यासारखं दोन बोटांत धरलं आणि तो गेला.

६

"शुक्रवार कशाला? आजच जाऊ लोहाऱ्याला," मुनवर म्हणाला. "तिसऱ्या प्रहरी एसटी आहे."

नूरुन्निसानं कपड्यांची घडी हातात धरून त्याच्याकडं पाहिलं. "काय झालंय तुमाला? दोन दिवस बगते, तोंड पांढरंफटक पडलंय."

"काही नाही. ऊन लागलं."

ती ऐकणारी बाई नव्हती. ट्रंकेत कपडे भरता भरता तिनं त्याला असं खोदलं की शेवटी त्यानं सगळं सांगितलं. म्हातारी, वीरप्पा, पायडल. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही, पण घाबरलीही नाही. "अल्लाची मर्जी. त्याच्या म्होरं कुठल्या पेटीचं काय चालतंय?"

"तुझं पण नाव मी घेतलं होतं त्यात," मुनवर म्हणाला. "पहिल्या दिवशी. तू ओ दिलीस म्हणून मी..."

"माजं नाव?" आता मात्र ती हसली. लाजून, पदर तोंडाला लावून. "तुमी? निकाहाच्या दिवशी काझींनी घेतलं तेवढंच. तुमच्या तोंडातून तर म्या कदीच ऐकलं न्हाय."

"अगं, स्वयंपाकघरातून तूच नाही का म्हणालीस, 'जी, आती' म्हणून?"

"कदी?"

"पेटी बोलली त्या दिवशी."

नूरुन्निसाच्या हातातली घडी तशीच राहिली. "त्या दिवशी म्या घरात कुठं होते? शेजारच्या शरिफाबीच्या अंगणात शेवया नव्हत्या का वळत? सकाळी गेले ते दिवस कलल्यावर आले. तुमीच तर ताट धरलं माज्या हातातलं."

तिचे पिठाचे हात मुनवरच्या डोळ्यांपुढं आले. ताट सांभाळत, पुढच्या दारातून आत येणारी नूरुन्निसा. पुढच्या दारातून.

तो ट्रंकेजवळ खाली बसला. शेजारणींपैकी कुणी होतं का घरात? सगळ्या शेवयांना गेल्या होत्या. भास होता? पण आवाज तिचाच होता, ज्या आवाजाला तो तीन वर्षं डोळे मिटूनही ओळखत आला होता. मग ती ओ कुणी दिली होती? कोणत्या हाकेला? अजून न मारलेल्या हाकेची ओ आधीच येऊन जाते का कधी?

त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "हे बघ. बाळंतपण होईपर्यंत कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. कुणीही. काम असेल तो समोर येईल."

"अन् तुमी मारली तर?"

"मी मारली तरी नाही. आणि नावानं तर मी कधी मारतच नाही. नावानं हाक आली तर समज, तो मी नव्हे."

"बरं," ती म्हणाली. आपल्या नवऱ्याचं हे रूप तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "लावलं तोंडाला कुलूप. किल्ली तुमच्याकडं. एसटीला येळ हाय अजून. दूध तापवते, चहा पिऊन निघू."

आणि ती आत गेली.

७

मुनवर ट्रंकेजवळ बसून राहिला. समोर त्याचा सगळा गोतावळा जिथल्या तिथं होता. गिटार भिंतीला टेकलेली, दोन पायडलं, कर्ण्याचं खोकं. जवाबी पेटीचं झाकण उघडं होतं आणि आत फिरायला काहीही नव्हतं. वायर फरशीवर लोळत होती. लोहाऱ्याहून परतलं की हे सगळं मोडून टाकायचं, गिटारसकट, असं त्यानं ठरवलं. ठरवल्यावर त्याला खरोखर बरं वाटलं.

आतून भांड्याचा आवाज आला. मग बांगड्यांचा. चुलीत लाकूड सरकवल्याचा. मग काहीच नाही.

बाहेर रणरणतं ऊन होतं. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली आणि तिची घुंगरं लांब गेली. थोड्या वेळानं दूध उतू गेल्याचा वास आला.

"ऐकलं का?" मुनवर म्हणाला. "दूध जातंय."

आत शांतता. त्याला हसू आलं. वस्ताद आहे. म्हटलं तसं लगेच वागून दाखवते.

"अगं, ओ देऊ नको, पण दूध तरी उतरव."

दुधाचा वास करपट झाला. चुलीवर ते चर्र करून सांडत असल्याचं ऐकू येत होतं. बांगड्या वाजत नव्हत्या.

"सुनती क्या?" त्याचा आवाज चढला. ट्रंकेच्या कडेला धरून तो उठला. स्वयंपाकघराचा पडदा चार पावलांवर होता. पडद्याखालून फरशीवर पांढरं दूध बाहेर येत होतं, आणि दुधाच्या कडेला तिच्या हिरव्या बांगडीचा एक तुकडा पडला होता.

त्या क्षणी मुनवरला आपण काय सांगितलं होतं, काय ठरवलं होतं, कशाचंच भान उरलं नाही. तीन वर्षांत जे एकदाच, तेही हळूच, तोंडातून निघालं होतं ते छाती फोडून निघालं.

"नूरुन्निसा!"

पडदा हलला नाही. आत कुणी बोललं नाही.

त्याच्या पाठीमागं, वायर उपटलेल्या कर्ण्यात, बारीक खरखर सुरू झाली. उजवं पायडल आपोआप खाली गेलं, आणि त्याच्या बायकोच्या आवाजात, अगदी तिच्या रोजच्या, कामात असतानाच्या आवाजात, कर्णा म्हणाला,

"जी, आती."

मग तेच पुन्हा, थोडं दुबळं. मग तिसऱ्यांदा, फार लांबून. चुलीवर दूध जळत राहिलं.